परसातील वनस्पती आणि शाळेतील साबण : एक समवाय पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी, शास्त्र, गणित, आरोग्य व कार्यानुभव)

दुपारच्या सुट्टीची घंटा होते. मुले ताटे घेऊन नळाकडे धावतात. हात पाण्याखाली धरले न धरले तोच ती पंगतीत जाऊन बसतात. सकाळपासून त्याच हातांनी माती उकरलेली असते, गोट्या खेळलेल्या असतात, शौचालयाचे दार लोटलेले असते. हात ओले झाले म्हणजे स्वच्छ झाले, अशी मुलांची समजूत असते, आणि ती केवळ सांगून दूर होत नाही. आरोग्याचे सर्व नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थीही पंगतीत न धुतलेल्या हाताने बसलेला आढळतो. जे हाताने करावयाचे, ते तोंडाने शिकविले की असे होते.

एका शाळेत कार्यानुभवाच्या तासासाठी साबण तयार करण्यात आला. तुळशीचा, कोरफडीचा, हळदीचा अशा चिठ्ठ्या लावून वड्या काचेच्या कपाटात मांडल्या गेल्या. पाहुणे येत, कौतुक करीत आणि जात. एके दिवशी तिसरीतील एका मुलीने विचारले, "बाई, हा साबण उघडायचा कधी?" बाईंनी त्याच दिवशी कपाट उघडले आणि दोन वड्या नळाजवळ ठेवल्या. प्रस्तुत पाठाचे सारे मर्म त्या मुलीच्या प्रश्नात आहे. साबण तयार झाला म्हणजे पाठ संपला असे नाही. तो नळाजवळ रोज झिजू लागला म्हणजे पाठ सुरू झाला, असे समजावे.

पाठाचा हेतू

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार देशापुढे मांडला. उद्योग एकीकडे आणि विषय दुसरीकडे असे न ठेवता एकाच कामातून गणित, शास्त्र व भाषा शिकविणे, हा त्यातील समवायाचा भाग आजही उपयोगी आहे. साबण हा त्यास फार अनुकूल विषय आहे. त्यात वजन आहे, शेकडेवारी आहे, रासायनिक क्रिया आहे, परसबाग आहे, आणि शेवटी मुलांचे आरोग्य आहे.

मात्र या उद्योगात एक धोकाही आहे, आणि तो आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. साबणासाठी लागणारा कॉस्टिक सोडा हा कातडी जाळणारा व डोळा कायमचा निकामी करू शकणारा पदार्थ आहे. म्हणून या पाठात कामाची वाटणी ठरलेली असावी. सोडा हाताळणे हे केवळ शिक्षकाचे काम. हिशोब करणे, निरीक्षण करणे, रोपे वाढविणे आणि हात धुणे हे मुलांचे काम. ही मर्यादा कोणत्याही कारणाने ओलांडू नये.

पूर्वज्ञान : साबणापूर्वीची साधने

पाठाचा आरंभ मुलांच्या घरापासून करावा. "आजी केस कशाने धूत असे? भांडी कशाने घाशीत असे? दिवाळीत उटणे का लावतात?" असे प्रश्न विचारावेत. उत्तरांतून शिकेकाई, रिठा, डाळीचे पीठ, राख, माती ही नावे आपोआप येतील. ती फळ्यावर दोन रकान्यांत लिहावीत : घासून मळ काढणारी आणि फेस करून मळ काढणारी. राख व माती पहिल्या रकान्यात जातील, रिठा व शिकेकाई दुसऱ्या. राखेत क्षारही असतो आणि तेलकटपणा काढण्यास त्याचे साहाय्य होते, हे शिक्षकाने तेथे जोडावे.

यानंतर रिठ्याचा प्रयोग घ्यावा. यात सोडा नसल्याने मुले तो शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतात. बिया काढून टाकलेली ५० ग्रॅम रिठ्याची साल १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी शिक्षकांनी ती पंधरा-वीस मिनिटे उकळून द्यावी. निवल्यावर मुलांनी ती कुसकरून फडक्याने गाळावी. बाटलीत थोडे पाणी घालून हलविले की भरपूर फेस येतो. रिठ्यातील सॅपोनिन या द्रव्यामुळे हा फेस होतो. केस, लोकरी व रेशमी कपडे आणि दागिने यांसाठी हे पाणी चांगले. ते दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे.

येथेच मुलांस दोन गोष्टी सांगाव्यात. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर फार झोंबते. तसेच ते मासे असलेल्या ओढ्यात वा तळ्यात ओतू नये, कारण सॅपोनिन माशांस घातक आहे. झाडाचे फळ आहे म्हणून ते सर्वांस सर्व प्रकारे निरुपद्रवी, असा नियम निसर्गात नाही. हा धडा पुढे साबणाच्या वेळी पुन्हा उपयोगी पडेल.

साबण होतो म्हणजे काय?

तेल आणि पाणी एकत्र होत नाहीत, हे मुलांनी पाहिलेले असते. हातावरचा मळ बहुधा तेलकट थरात अडकलेला असतो, म्हणून नुसत्या पाण्याने तो निघत नाही. साबणाच्या सूक्ष्म कणाची दोन टोके असतात. एक टोक तेलाला चिकटते, दुसरे पाण्याकडे ओढ घेते. हात चोळले की मळ सुटतो, आणि पाणी ओतले की त्या मळाबरोबर रोगजंतूही वाहून जातात. काही विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असते. तेही साबणाने फुटते.

तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा पाण्याच्या साहाय्याने संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन ही दोन द्रव्ये तयार होतात. योग्य प्रमाण घेतले तर मूळचा दाहक सोडा शिल्लक राहत नाही, तो साबणाच्या रूपात बदललेला असतो. प्रमाण चुकले तर मात्र तो वडीत तसाच राहतो आणि हात भाजतो. पूर्वी सोड्याऐवजी लाकडाच्या राखेची निवळी वापरीत. फ्रान्समध्ये १७९१ साली निकोलस लेब्लाँ यास मिठापासून सोडा करण्याच्या रीतीचे एकस्व मिळाले, आणि पुढे साबणाचे कारखाने राखेवर अवलंबून राहिले नाहीत.

गणिताचा तास

प्रत्येक तेलास लागणारा सोडा वेगळा असतो. १ ग्रॅम खोबरेलास सुमारे ०.१८३ ग्रॅम, १ ग्रॅम एरंडेलास सुमारे ०.१२८ ग्रॅम, आणि १ ग्रॅम शेंगदाणा तेलास सुमारे ०.१३६ ग्रॅम सोडा लागतो. हे आकडे फळ्यावर लिहून पुढील उदाहरण मुलांकडून सोडवून घ्यावे.

खोबरेल ४०० ग्रॅम : ४०० × ०.१८३ = ७३.२ ग्रॅम
एरंडेल १०० ग्रॅम : १०० × ०.१२८ = १२.८ ग्रॅम
एकूण सोडा : ८६ ग्रॅम

परंतु एवढा सोडा घ्यावयाचा नाही. थोडे तेल मुद्दाम मोकळे राहावे, म्हणजे सोडा शिल्लक राहण्याची भीती उरत नाही व साबणही कातडीस सौम्य होतो. म्हणून शेकडा ७ सोडा कमी करावा. ८६ चे शेकडा ७ म्हणजे सुमारे ६ ग्रॅम. ८६ वजा ६ बरोबर ८० ग्रॅम. पाणी १७० ग्रॅम घ्यावे. सर्व मिळून ७५० ग्रॅम मिश्रण होते, आणि त्यातून सुमारे ७५ ग्रॅमच्या दहा वड्या पडतात.

आता दुसरे उदाहरण द्यावे. "खोबरेल महाग पडले म्हणून एकाने ४०० ग्रॅम शेंगदाणा तेल घेतले, पण सोडा ८० ग्रॅमच ठेवला. काय होईल?" मुले हिशोब करतील : ४०० × ०.१३६ = ५४.४, त्यात एरंडेलाचे १२.८ मिळवून ६७.२ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ १३ ग्रॅम दाहक सोडा वड्यांत शिल्लक राहील. अशी वडी दिसावयास चांगल्या वडीसारखीच असते. दशांश चिन्ह कशासाठी शिकावयाचे, असा प्रश्न ज्या मुलास पडतो त्यास या उदाहरणाने उत्तर मिळते. तेल बदलले की गणित नव्याने मांडलेच पाहिजे.

कृती (शिक्षकांनी, मुलांच्या अनुपस्थितीत)

सोड्याच्या डब्यावर 'सोडियम हायड्रॉक्साइड' हे नाव वाचून घ्यावे. धुण्याचा सोडा व खाण्याचा सोडा निराळे आहेत. मोरी मोकळी करण्यासाठी मिळणाऱ्या पुड्यांत इतर द्रव्ये मिसळलेली असतात, त्या वापरू नयेत. सोडा हवेतील ओलावा ओढून घेतो व त्याचे वजन फसवे होते. म्हणून डबा घट्ट झाकणाचा असावा आणि कुलपात ठेवावा. रिकाम्या खाद्यपदार्थाच्या वा पेयाच्या बाटलीत सोडा अथवा त्याचे द्रावण कधीही ठेवू नये.

काम सुट्टीच्या दिवशी, मोकळ्या हवेत करावे. हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्म्यासारखे संरक्षक आवरण व अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. जवळ पाण्याने भरलेली बादली असावी. भांडी स्टेनलेस स्टीलची घ्यावीत. ॲल्युमिनियमचे भांडे सोड्याने खाल्ले जाते व त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो.

सर्व पदार्थ, पाणीसुद्धा, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजावेत. वाटीने वा अंदाजाने मोजू नयेत. आधी भांड्यात पाणी घ्यावे आणि त्यात सोडा थोडा थोडा सोडून ढवळावे. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास द्रावण उसळून अंगावर येते. द्रावण आपोआप खूप तापते व त्याची झोंबणारी वाफ येते, म्हणून तोंड दूर ठेवावे. ते कोमट झाल्यावर कोमट तेलांच्या मिश्रणात बारीक धारेने ओतावे आणि सतत ढवळावे. मिश्रण पातळ पिठल्यासारखे दाट होऊन ढवळण्याची रेघ वर उमटू लागली की तेलकागद लावलेल्या साच्यात ओतावे. खोबरेलाचा साबण लवकर घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी मोजे घालूनच त्याच्या वड्या कापाव्यात, आणि त्या सावलीत, हवा लागेल अशा फळीवर, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर चार आठवडे वाळवाव्यात.

सोडा अंगावर उडाल्यास तो लागलेला कपडा ताबडतोब काढून ती जागा किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावी. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून तसेच धूत राहावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. लिंबू अथवा व्हिनेगर लावू नये. पोटात गेल्यास उलटी करवू नये. तोंड धुवून तत्काळ रुग्णालयात पोहोचवावे. ही सूचना मोठ्या अक्षरांत लिहून कामाच्या जागी लावावी. ज्या शाळेत वजनकाटा, मोजे अथवा सुरक्षित कपाट नाही, तेथे साबण करण्याचा आग्रह धरू नये. रिठ्याचा प्रयोग, विकतची साधी वडी आणि पुढील परसबाग एवढ्यावरही हा पाठ उत्तम रीतीने होतो.

हळदीचा कागद

हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेला कागद ही मुलांची सोपी प्रयोगशाळा आहे. त्यावर चुन्याची निवळी टाकली की तो तांबूस होतो. लिंबाचा रस टाकला की पुन्हा पिवळा. चार आठवडे वाळलेल्या साबणाचे पाणी टाकले तरीही तो तांबूस होतो, कारण साबण स्वभावतःच क्षारीय असतो. चतुर विद्यार्थी येथे विचारील, "मग सोडा शिल्लक राहिला की नाही हे कागद सांगेल काय?" त्यास प्रामाणिक उत्तर द्यावे : नाही. कागद क्षार आहे एवढेच सांगतो, घातक आहे की नाही ते सांगत नाही. साबणाची सुरक्षितता प्रथम वजनकाट्यावर ठरते. मागाहून केलेल्या परीक्षेने चुकलेले वजन सुधारत नाही. ज्या वडीच्या वजनाविषयी शंका असेल, ती वापरू नये.

परसबाग

साबण वाळेपर्यंतचे चार आठवडे परसबागेस द्यावेत. पावसाळ्याच्या आरंभी हा पाठ घेतल्यास दोन्ही कामे जुळतात. तुळस बियांपासून येते. बी फार बारीक असल्याने ते राखेत वा बारीक मातीत मिसळून वरच्यावर पेरावे. अडुळसा व पानओवा यांची फांदी लावावी. गवती चहाचे ठोंब फोडून लावावेत. कोरफडीची पिल्ले मूळ झाडाशेजारी मिळतात. त्यांच्या मुळाशी पाणी साचू देऊ नये. अडुळशास शेळी सहसा तोंड लावीत नाही, म्हणून तो कुंपणाच्या बाजूस लावावा, म्हणजे आतील रोपांस आडोसा मिळतो. प्रत्येक रोप दोन मुलांकडे सोपवावे. त्यांनी दर आठवड्यास उंची मोजून वहीत लिहावी.

या वनस्पतींविषयी बोलताना शिक्षकांनी मोजके व खरे बोलावे. गवती चहाचा काढा सर्दीत बरा वाटतो, अडुळशाचा उपयोग खोकल्यावर परंपरेने होत आला आहे, हे सांगण्यास हरकत नाही. परंतु दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला क्षयाचा असू शकतो. तेथे काढ्यात दिवस घालविणे घातक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी विनामूल्य होते, हे मुलांच्या वहीत लिहिलेले असावे, कारण ती वही घरी वाचली जाते. गरोदर स्त्रीने अडुळसा घेऊ नये. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक तीव्र रेचक असतो. कण्हेर, धोतरा व एरंडाचे बी विषारी आहे, हेही याच तासाला ओळखून घ्यावे. एरंडेल निर्विष असते, पण ज्या बियांतून ते निघते त्या खाणे जिवावर बेतू शकते.

साबणात तुळशीचा वा कडुनिंबाचा पाला घातल्याने तो अधिक जंतू मारतो, असे सांगू नये. सोड्याच्या संयोगात पाल्यातील पुष्कळ द्रव्यांचे रूप पालटते. हळद घातलेली वडीसुद्धा पिवळी न राहता तांबूस होते; त्याचे कारण मुले हळदीच्या कागदावरून स्वतःच सांगतील. हात स्वच्छ होतात ते साबण, चोळणे आणि पाणी या तिघांमुळे.

उपयोजन : हात धुण्याचा पाठ

चार आठवडे झाले की वड्यांचे पुन्हा वजन करावे. आरंभीच्या वजनातून ते वजा करून किती पाणी उडाले, ते शेकडेवारीत काढावे. नंतर पहिली वडी समारंभाने नव्हे, तर नेहमीच्या घंटेनंतर नळाजवळ ठेवावी.

वडी उघडी ठेवल्यास पाण्यात विरघळते, नाही तर कावळा पळवितो. म्हणून ती जुन्या जाळीच्या पिशवीत घालून टांगावी. करवंटीच्या तळाला भोक पाडून केलेली साबणदाणीही चालते. नळ नसलेल्या शाळेत झाकणास बारीक छिद्र पाडलेला पाच लिटरचा डबा आडव्या काठीला टांगावा आणि पायाने दाबावयाच्या काठीस दोरीने जोडावा. अशाने थोड्या पाण्यात अनेक मुलांचे हात धुऊन होतात.

तळहात, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठा, बोटांची टोके व नखे असा क्रम शिकवावा. चोळण्यास वीस सेकंद लागावेत. यासाठी घड्याळाची गरज नाही; बेचा पाढा सावकाश दोनदा म्हणावा. जेवणापूर्वी व शौचानंतर, हे दोन प्रसंग कधीही चुकू नयेत. साबणाचे सांडपाणी रोजच्या रोज तुळशीच्या वाफ्यात सोडू नये. ते शोषखड्ड्याकडे वळवून त्याच्या कडेला कर्दळ, केळ वा अळू लावावे.

स्वाध्याय

१. ३०० ग्रॅम खोबरेल व २०० ग्रॅम एरंडेल घेतल्यास किती सोडा लागेल? त्यातून शेकडा ७ कमी केल्यास किती उरेल?
२. आपल्या बाजारभावाने एका वडीचा खर्च काढा. एक वडी किती मुलांस किती दिवस पुरली, याची नोंद ठेवा.
३. घरातील वडीलधाऱ्यांस विचारून अंग, केस, कपडे व भांडी धुण्याच्या जुन्या साधनांची यादी करा.
४. 'नैसर्गिक आहे, परंतु जपून वापरावे' अशा पाच वस्तूंची नावे कारणांसह लिहा.

परीक्षण

या पाठाची परीक्षा कागदावर घेण्याची आवश्यकता नाही. दोन महिन्यांनंतर एके दिवशी दुपारच्या घंटेनंतर शिक्षकांनी काही न बोलता नळापासून थोड्या अंतरावर उभे राहावे. मुले न सांगता साबणाकडे हात नेतात काय, लहानग्यांस मोठी मुले जाळी हाती धरून देतात काय, आणि कोणी पुटपुटत बेचा पाढा म्हणते काय, एवढे पाहावे. जाळीतील वडी झिजून संपली असेल आणि कोणी तरी येऊन "बाई, साबण संपला," असे सांगितले, तर पाठ साधला असे मानून पुढील वड्यांच्या तयारीस लागावे.